व्यवसाय कर आणि रोजगार हमी
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



अर्थशास्त्र रुक्ष मानले जाते; परंतु आपल्यातील नोकरदारांच्या वेतनपत्रकात ते महिन्याच्या महिन्यास हजेरी लावते. व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात याविषयी कुरकूर आम्ही नेहमी ऐकतो. हा कर कशासाठी जन्मास आला, हे पाहू.

प्रथम स्पर्धेचा विचार करू. भाजीबाजारात विकणारे अनेक आणि घेणारेही अनेक, म्हणून कोणा एकास आपला भाव लादता येत नाही. आता दुष्काळातील गाव डोळ्यांपुढे आणा. विहिरी आटलेल्या, काम मागणारे शंभर, देणारा एखाददुसरा. धान्य कोठारात ठेवता येते, श्रम ठेवता येत नाहीत. आजचा दिवस विकला गेला नाही तर तो कायमचा बुडाला. तेथे ठरणारी मजुरी हा बाजारभाव नव्हे. ती अगतिकता होय.

यावरील उपाय महाराष्ट्राने शोधला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यात प्रयोग झाला. १९७२ साली योजना राज्यभर आली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील जो प्रौढ अंगमेहनतीचे काम मागेल त्यास ते देणे सरकारवर बंधनकारक झाले. श्रमाला असे दुसरे गिऱ्हाईक उभे राहिले की पहिल्यासही हात सैल करावा लागतो. स्पर्धा आपोआप येत नाही; कधी ती घडवावी लागते.

त्यासाठी पैसा हवा. येथे सार्वजनिक आयव्यय सुरू होतो. १९७५ साली व्यवसाय कर बसविला गेला तो मुख्यतः या योजनेसाठी. त्यात राज्याने आपल्या तिजोरीतून तितकीच भर घालावी, असे ठरले. हा कर बेसुमार वाढू नये म्हणून संविधानाचा बांध आहे. १९८८ च्या दुरुस्तीपासून त्याची मर्यादा वर्षास २५०० रुपये आहे.

आपला समाज या व्यवहाराच्या दोन्ही काठांवर उभा आहे. शहरातला भाऊ म्हणतो, कर कापला जातो. गावी शेती पाहणारा भाऊ म्हणतो, मजुरी वाढली. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. परंतु मजुराच्या हाती आलेला पैसा गावच्या दुकानातच खर्च होतो, आणि त्याने खणलेल्या पाझर तलावाचे पाणी शेतकऱ्याच्याच विहिरीस लागते. अर्थात, तलाव नीट बांधला गेला असेल तर!

संसदेने २००५ साली देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव तिच्यापुढे होता. याचा अभिमान आपण जरूर बाळगू. परंतु कर भरला म्हणजे कर्तव्य संपले, असे नाही. गावी गेल्यावर ग्रामसभेत बसावे, कामाची हजेरी व खर्च विचारावा, तलाव डोळ्यांनी पाहावा. संघाच्या विद्यार्थिनिधीचा हिशेब आपण पै-पैचा मागतो. सरकारी तिजोरीही आपलीच आहे.