कंपवात : कारण, निदान आणि उपचार
(स्वागताध्यक्षीय भाषण)

मेंदूच्या बुंध्याशी, मध्यमेंदूत, काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. तेथील पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात आणि शरीराच्या हालचाली सुरळीत होतात त्या त्याच्या आधारे. या पेशी मरू लागल्या की हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, स्वस्थ ठेवलेला हात थरथरतो, पुढे तोल जाऊ लागतो. हाच पार्किन्सनचा आजार, म्हणजे कंपवात. ही लक्षणे नजरेस येईपर्यंत त्यातल्या सुमारे निम्म्या पेशी नष्ट झालेल्या असतात. कारणे, निदान, उपचार अशा तिन्ही वाटांवरच्या संशोधनाला आडवी येते ती हीच गोष्ट.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये सहा रुग्णांच्या निरीक्षणांवरून या आजाराचे वर्णन केले. त्यांतील काही जण तर त्यांना रस्त्यात दिसलेले होते. पुढे पॅरिसच्या शार्को यांनी आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले आणि कंप नसतानाही हा आजार असू शकतो, हे दाखवून दिले. आजार ओळखता येऊ लागला, तरी औषध सापडायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. त्या शोधाचा एक धागा मुंबईतून जातो.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. 1952 मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे काढण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी 1957 मध्ये सशांना रेसरपिन दिले, तेव्हा ते निश्चल झाले. नंतर डोपामिन ज्यापासून बनते ते डोपा टोचल्यावर ते थोड्याच वेळात पुन्हा हिंडू लागले. 1960 मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचे सिद्ध केले. पुढच्याच वर्षी बिर्कमायर आणि हॉर्निकिविच यांनी लेव्होडोपा, म्हणजे डोपाचेच एक रूप, टोचल्यावर अंथरुणाला खिळलेले रुग्ण काही तासांपुरते का होईना, उठून चालू लागल्याचे नोंदवले. कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. खाजकुयलीच्या बियांतून हाच लेव्होडोपा मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्येच वेगळा काढला होता आणि वातविकारांत कवचबीज, म्हणजे याच बिया, वापरण्याची वैद्यांची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी.

दोन्ही वनस्पती भारतातल्या, पण दुवा जोडला गेला तो युरोपात. वैद्य, रसायनशास्त्रज्ञ आणि रुग्णालयातील चिकित्सक एकत्र बसले नाहीत, तर हाताशी असलेले ज्ञान असे विखुरलेले राहते. या परिषदेचे प्रयोजन तेच आहे. मेंदूविकारतज्ज्ञ, संशोधक, वैद्य, फिजिओथेरपिस्ट, वाचोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या बरोबरीने शुभार्थी व शुभंकर, म्हणजे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारी माणसे, अशा सर्वांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते.

पेशी का मरतात याचे एकच एक उत्तर नाही. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात भेसळयुक्त कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलेले काही तरुण अचानक लाकडासारखे ताठले. त्या भेसळीतले एमपीटीपी हे द्रव्य नेमक्या याच पेशी मारते, हे त्यावरून कळले. काही कीटकनाशकांचा आणि तणनाशकांचा संशय बळावला तो त्यानंतर. 1997 मध्ये अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष काही घराण्यांत सापडला. लेवी यांनी 1912 मध्ये वर्णन केलेल्या पेशींतील गोळ्या मुख्यतः याच प्रथिनाच्या असतात, हेही त्याच वर्षी उघड झाले. तरीही बहुसंख्य रुग्णांत ठोस आनुवंशिक कारण मिळत नाही आणि वाढते वय हाच सर्वांत मोठा धोका ठरतो.

निदान आजही मुख्यतः तपासणीच्या खोलीत होते. हालचालींतील मंदपणा आणि त्याच्या जोडीला कंप किंवा ताठरपणा, हा त्याचा आधार. चालताना एक हात न हलणे, अक्षर बारीक होत जाणे, चेहरा भावहीन दिसणे या खुणा घरच्यांच्या लक्षात आधी येतात. खांदा आखडल्याची तक्रार घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेलेल्या माणसालाही कधी कधी हाच आजार असतो. भारतात आणखी एका गोष्टीकडे काटेकोर लक्ष हवे. पित्तासाठीच्या गोळ्यांतील लेव्होसल्पिराइड किंवा चक्कर येण्यावरचे सिनारिझिन दीर्घकाळ घेतल्याने अशीच लक्षणे उद्भवू शकतात आणि औषध थांबवल्यावर बहुधा ती ओसरतात. त्यामुळे रुग्णाच्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडून पाहणे ही तपासणीची पहिली पायरी असली पाहिजे.

उपचारात लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची जोडगोळी अजूनही अग्रस्थानी आहे. कार्बिडोपामुळे औषधाचे मेंदूबाहेर डोपामिन होणे रोखले जाते आणि मळमळ कमी होते. खाजकुयलीची भुकटी मनाने घेणे धोक्याचे, कारण तिच्यात कार्बिडोपा नसते आणि लेव्होडोपाचे प्रमाण दर वेळी सारखे नसते. काही वर्षांनी गोळीचा परिणाम लवकर उतरू लागतो, नको त्या हालचाली सुरू होतात. अशा निवडक रुग्णांना मेंदूत विद्युतअग्रे बसवण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. 1987 मध्ये फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे बेनाबीद यांनी तिची सुरुवात केली. 2025 मध्ये क्योतोतील संशोधकांनी मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी सात रुग्णांच्या मेंदूत रोपल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पेशी तगल्या आणि डोपामिन बनवू लागल्या. नियमित व्यायामाने चाल आणि तोल सुधारतो, हेही आता पक्के झाले आहे.

यांतला कोणताही उपाय पेशींचा ऱ्हास थांबवत असल्याचे सिद्ध झालेले नाही. ऱ्हास रोखू शकेल असे औषध तपासायचे, तर ते पेशी शिल्लक असतानाच द्यावे लागेल. वास न येणे, जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणे ही लक्षणे कंपाच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात. मणक्यातील द्रवात विकृत अल्फा-सिन्युक्लिन शोधणारी चाचणीही आता उपलब्ध होत आहे. पुढच्या औषधचाचण्यांत सहभागी होऊ शकतील अशी माणसे म्हणूनच कंप सुरू होण्यापूर्वी, झोपेच्या आणि घाणेंद्रियाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांमधून शोधावी लागणार आहेत.