रात्रीची जागही कामातच धरा

आज आपण बोलणार आहोत पोलंडमधून जर्मनीत म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला जाणाऱ्या बायांविषयी. पोलंडचं नाव आपल्याकडे अगदीच परकं नाही. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या सुमारे ५,००० पोलिश लोकांना कोल्हापूरजवळ वळिवड्याला आसरा मिळाला होता. त्यात बायका-मुलंच जास्त होती.

२००४ साली पोलंड युरोपियन युनियनमध्ये आला. मे २०११ पासून पोलिश माणसांना जर्मनीत वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येऊ लागली. जर्मनीत मजुरी जास्त. तिथं म्हातारी माणसं पुष्कळ, मुलं दूर राहणारी आणि वृद्धाश्रमाचा खर्च न झेपणारा. म्हणून घरातच राहून सेवा करणारी बाई लागते. जाणाऱ्यांत पन्नाशी-साठीच्या बाया खूप आहेत. कुणाला कर्ज फेडायचं असतं, कुणाला पेन्शन पुरत नाही. एजन्सीमार्फत काम ठरतं. दोन-तीन महिने राहायचं, मग बदलीला दुसरी बाई येते.

कागदावर कामाचे तास थोडे असतात. पण जिथं काम तिथंच राहणं, मग काम संपलं कधी म्हणायचं? दिवसा स्वयंपाक, आंघोळ, कपडे, औषधं. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी रात्री दोनला उठून दार उघडायला लागल्या, तर हिलाही उठावंच लागतं. असं महिनोन् महिने चाललं की झोप तुटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकटीनं उचलून कंबर आणि खांदे धरतात. दुखलं तर गोळी घ्यायची आणि पुन्हा उभं राहायचं, कारण आजारी पडले तर काम जाईल ही भीती.

डॉक्टरकडे जायचं तर भाषा येत नाही. विमा भरलाय की नाही, हेही पुष्कळींना नीट माहीत नसतं. मग दुखणं अंगावर काढायचं आणि घरी परतल्यावर दाखवायचं. तोवर ते वाढलेलं असतं.

मनाचं दुखणं तर दिसतही नाही. घरात बोलायला एकच माणूस, तेही आजारी. परक्याच्या आईला भरवताना आपली आई गावाकडे एकटी आहे, हे आठवतं. आईबाप परदेशी गेलेल्या मुलांना पोलंडमध्ये ‘युरो-अनाथ’ म्हणू लागले. पैसे पाठवणाऱ्या आईला हा शब्द किती लागत असेल! घर चालवायला गेलेल्या बाईलाच दोष द्यायचा, हे आम्हाला पटत नाही.

पण एक चांगली गोष्ट घडली. बल्गेरियातून आलेल्या अशाच एका बाईनं दाद मागितली. करारात आठवड्याचे ३० तास लिहिलेले, पण नव्वदी ओलांडलेल्या आजींसाठी तिला रात्रंदिवस तयार राहावं लागे. जून २०२१ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं सांगितलं की, हाकेला ओ देण्यासाठी थांबलेला वेळ हाही कामाचाच वेळ आहे आणि त्यालाही किमान वेतन मिळालं पाहिजे. तो निकाल पोलिश बायांनाही लागू पडतो. तिथल्या कामगार संघटनांच्या सल्ला केंद्रांत पोलिश भाषेत माहिती मिळते. तिथले लोक बायांना सांगतात की, रोज किती वाजता उठलात, रात्री किती वेळा उठावं लागलं, ते वहीत लिहून ठेवा. आपला करार आणि विम्याचा कागद जवळ बाळगा.

निकाल लागला म्हणून सगळ्या घरांत लगेच फरक पडत नाही. बंद दाराआड तपासायला कोण जाणार? म्हणून त्या वहीला मोल आहे. बोलणं विसरलं जातं, लिहिलेलं राहतं.

मैत्रिणींनो, आपल्या गावातूनही बाया पुण्या-मुंबईला चोवीस तासांच्या कामाला जातात. गटाच्या पुढच्या बैठकीत त्यांना एवढंच विचारा: आठवड्याची सुट्टी कोणती? झोप किती मिळते? दुखलं-खुपलं तर दवाखान्यात कोण नेतं? पगार किती, हे आपण विचारतोच. हे तीन प्रश्नही कामाला निघायच्या आधीच विचारले पाहिजेत आणि उत्तरं लिहून घेतली पाहिजेत.

दुसऱ्याच्या म्हातारपणाची काळजी घेणाऱ्या बाईची काळजी आपण सगळ्यांनी घेऊ या.