सांधा कोणता आणि कशासाठी?

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुटीत लोखंडाचे काहीतरी स्वतः बनवावे, अशी हौस अनेक मुलांना असते. कुणाला कुंड्यांचे स्टँड हवे असते, कुणाला पुस्तकांचे कपाट. वेल्डिंगची लहान इन्व्हर्टर मशिने आता घरगुती विजेवरही चालतात. तेव्हा पालकांपुढे प्रश्न येतो, की मुलाला मशीन घेऊन द्यावे काय, आणि कोणते? पैसे खर्च करण्यापूर्वी वेल्डिंगचे प्रकार आपण नीट समजून घेऊ.

वेल्डिंग म्हणजे दोन तुकड्यांच्या कडा वितळवून त्यांना एकजीव करणे. डाख लावताना मात्र मूळ धातू वितळत नाही. लवकर वितळणारा दुसरा धातू मध्ये भरून जोड साधतात. भरायचा धातू ४५० अंश सेल्सिअसच्या आत वितळणारा असेल तर ते सोल्डरिंग, त्याहून अधिक उष्णता लागत असेल तर ब्रेझिंग. तांब्याच्या नळीला आणि पितळेच्या नाजूक वस्तूला हीच रीत सोयीची.

गॅस वेल्डिंगमध्ये ऑक्सिजन व ॲसिटिलीनची ज्योत असते. तिचे तापमान ३,००० अंशांच्या वर जाते. पातळ पत्र्याला ती चांगली. पण ॲसिटिलीन हा स्फोटक वायू आहे आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लागले तर ते पेट घेऊ शकते. म्हणून हे सिलिंडर हौसेखातर घरात आणू नयेत.

नाक्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात आपण पाहता ते रॉडचे, म्हणजे आर्क वेल्डिंग. रॉडवरचा लेप जळून वायूचे आवरण तयार होते आणि सांध्यावर मळी जमते. ती हातोडीने ठोकून काढावी लागते. अँगल, पट्टी, जाड चौकोनी पाईप यांना ते उत्तम. २.५ मिलिमीटरच्या रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर प्रवाह पुरतो. नवशिक्याने येथूनच सुरुवात करावी. रॉड मात्र कोरडे हवेत. पावसाळ्यात दमट झालेले रॉड सांधा बिघडवतात.

मिग प्रकारात तार आपोआप पुढे येते व बाहेरून वायूचे आवरण मिळते. शिकायला सोपे, पातळ पत्र्याला चांगले. पण उघड्यावर वाऱ्याने वायू उडून जातो आणि सांध्याला छिद्रे पडतात. टिगमध्ये टंगस्टनची कांडी व आर्गॉन वायू वापरतात. स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमचे सुबक काम त्याने होते, पण त्यासाठी हात बराच बसावा लागतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तर त्यावरील ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्याही पुढे. तो थर फोडण्यासाठी एसी प्रवाह देणारे टिग मशीन लागते. केवळ डीसी देणारे स्वस्त मशीन घेतले, तर ॲल्युमिनियमच्या कामाला ते उपयोगी पडत नाही.

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे. आर्कचा प्रकाश नुसत्या काळ्या चष्म्याने अडत नाही. १० किंवा ११ नंबरची वेल्डिंगची काच असलेला मुखवटाच हवा. डोळे त्या क्षणी दुखत नाहीत; काही तासांनी, बहुधा रात्री, वाळू गेल्यासारखे खुपू लागतात. अशा वेळी दूध किंवा बटाट्याचा रस न घालता डॉक्टरांकडे जावे. शेजारी उभे राहून पाहणाऱ्या लहान भावंडांनाही हाच धोका असतो.

जस्ताचा मुलामा दिलेल्या जीआय पाईपचा धूर श्वासात गेला तर थंडी वाजून ताप येतो. जोडाजवळचा मुलामा आधी काढावा आणि काम हवेशीर जागी करावे. वेल्डिंगचा धूर कर्करोगास कारणीभूत ठरतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये दिला. डिझेलची रिकामी टाकी कधीही वेल्ड करू नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. अंगावर टेरिलीन नको, सुती कपडे हवेत. पायात बूट, हातात चामडी मोजे, आणि मशिनाला १६ अँपिअरचे सॉकेट व पक्के अर्थिंग हवे.

विद्यार्थी मित्रांनो, सांधा वरून चकचकीत दिसला म्हणजे आतून पक्का असतोच असे नाही. आधी भंगारातल्या तुकड्यांवर सराव करा. तो सांधा वाकवून, तोडून पाहा. तुटलेला तुकडाच आपली चूक दाखवतो. शिडी, झोपाळ्याची कडी, वाहनाचा भाग, म्हणजे ज्यावर माणसाचा जीव तोललेला असतो ते काम अनुभवी कारागिराकडेच द्या.

ज्याला यात गोडी वाटेल त्याच्यासाठी आय.टी.आय.मध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आणि तो मुलींनाही खुला आहे. हाताचे काम हे कमी मार्कांच्या मुलांचे काम, ही समजूत आपण पालकांनी सोडून द्यावी. किती अँपिअर, कोणता धातू, कोणता रॉड हे ठरवायला डोकेच लागते. मुलाला मशीन देण्याआधी मुखवटा द्या, आणि त्याही आधी जाणता शिक्षक गाठून द्या.