सेवा चालू ठेवणं कुणाचं काम?

पदवीधर मित्रमैत्रिणींनो, आज तुमच्या हाती पदवी पडते आहे. पुढच्या काही वर्षांत तुमच्यातले पुष्कळजण सरकारी योजनेच्या कुठल्या ना कुठल्या टोकाला उभे असतील. कुणी महावितरणमध्ये अभियंता असेल, कुणी तहसील कार्यालयात, कुणी बँकेत कर्जप्रकरणं तपासत असेल, कुणी वर्तमानपत्रात, आणि बरेचजण स्वतःच्या शेतासाठी अर्ज घेऊन रांगेत असतील. तुम्हा सगळ्यांपुढे मला एकच मुद्दा मांडायचा आहे. सेवा सुरू करण्यासाठी आपलं शासन जमीन देतं, अनुदान देतं, करात सूट देतं, समारंभ करतं. ती सेवा दहा वर्षांनीही चालू राहावी, यासाठी मात्र करारात कुणाला फारसं बांधून घेत नाही. मागास म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यांचं नुकसान निधीच्या टंचाईने होतंच, पण या मोकळ्या सोडलेल्या जागेने ते अधिक होतं, असं माझं मत आहे. विमानसेवा आणि वीज या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की हे लख्ख दिसतं.

आधी विमानसेवा घेऊ. २०१६च्या नागरी विमान वाहतूक धोरणातून ‘उडान’ योजना आली. तिची रचना कागदावर विचारपूर्वक केलेली होती. साधारण तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपये भाडं, विमानातल्या निम्म्या जागा त्या दराने विकायच्या, आणि त्यातून येणारी तूट तीन वर्षं सरकारने भरून द्यायची. या भरपाईचा बहुतांश पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून उभा करायचा आणि राज्याने २० टक्के वाटा उचलायचा. शिवाय अशा विमानतळांवरच्या इंधनावरचा मूल्यवर्धित कर राज्याने एक टक्क्यावर आणायचा, सुरक्षा आणि अग्निशमन मोफत द्यायचं, वीज-पाणी सवलतीत पुरवायचं. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी शिमल्याहून या योजनेची पहिली उड्डाणं सुरू केली, त्यात आपल्या यवतमाळच्या शेजारचं नांदेड होतं. नांदेड-हैदराबाद मार्गावर उडणारी कंपनी २०२२ मध्ये बंद पडली. मग २०२४ मध्ये दुसरी कंपनी येईपर्यंत नांदेडकरांना वाट पाहावी लागली. हा एकट्या नांदेडचा अनुभव नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला, त्यातले आकडे तुमच्यातल्या प्रत्येक वाणिज्य पदवीधराने पाठ करावेत असे आहेत. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी सवलतीची तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि सवलत संपल्यानंतरही मार्च २०२३ मध्ये उडत राहिले होते फक्त ५४. कोविडने विमान कंपन्यांचं कंबरडं मोडलं हे मान्य करावंच लागेल. पण जे मार्ग मुळात सुरूच झाले नाहीत, त्या सगळ्यांचा दोष साथीवर ढकलता येत नाही. अनेक ठिकाणी विमानतळ तयार नव्हते, कुठे छोटी विमानं मिळत नव्हती, तरीही मार्ग वाटले गेले आणि मंजुरीची संख्या यश म्हणून सांगितली गेली.

यवतमाळला तर अशी तीन वर्षंही लाभली नाहीत. भारी इथे धावपट्टी आहे, विमानतळाला नाव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने २००९ मध्ये यवतमाळ, नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) अशी पाच विमानतळं रिलायन्स समूहातल्या एका कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. पंच्याण्णव वर्षं म्हणजे चार पिढ्या. इतक्या लांब मुदतीचा करार करताना पहिला प्रश्न असा हवा होता: अमुक वर्षांत नियमित विमान उडालं नाही तर काय होईल? भारीहून नियमित प्रवासी सेवा उभी राहिली नाही, आणि पुढे ही विमानतळं परत घेण्याची भाषा सरकारलाच करावी लागली. त्या कंपनीला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. कंपनी आपल्या फायद्याचं पाहणारच, तिच्याकडून दुसरी अपेक्षा कशाला ठेवायची? चूक सार्वजनिक मालमत्ता देणाऱ्याची आहे. देताना मुदत मोजली आणि सेवा मोजली नाही, ही ती चूक.

आता विजेकडे वळू. इथली गोष्ट गुंतागुंतीची आहे, म्हणून शिकण्यासारखीही. वणीच्या खाणींमधून कोळसा निघतो, शेजारच्या चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. म्हणजे राज्याच्या विजेचा मोठा भार हा सगळा पट्टा वाहतो. तरीही याच पट्ट्यातल्या कास्तकाराला ओलितासाठी थ्री-फेज वीज मिळत आली ती पाळीने: एका आठवड्यात दिवसा आठ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास. हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायला थंडीत रात्री दोन वाजता बांधावर जाणं म्हणजे काय, हे तुमच्या घरांना सांगायला नको. साप, रानडुकरं, आणि पांढरकवडा-राळेगावच्या भागात वाघ. माणसांवर हल्ले करणाऱ्या टी-१ वाघिणीच्या काळात, म्हणजे नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला ठार करेपर्यंत, त्या गावांत अंधार पडल्यावर शेतात जाणं हा जीवाचा प्रश्न झाला होता. अशा माणसाला ‘तुमच्या गावाचं विद्युतीकरण झालं आहे’ असं सांगण्यात काही अर्थ उरत नाही. देशात बराच काळ व्याख्याच अशी होती की सार्वजनिक ठिकाणी आणि गावातल्या दहा टक्के घरांत वीज पोचली की गाव विद्युतीकृत. गॅसचंही तसंच झालं. उज्ज्वला योजनेत जोडण्या कोट्यवधी झाल्या, पण महालेखापरीक्षकांच्या २०१९च्या अहवालानुसार वर्ष पूर्ण केलेल्या लाभार्थींनी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडरच भरून घेतले. मोजणी जोडणीची झाली, चूल पेटली की नाही ते पुष्कळ उशिरा पाहिलं गेलं.

मात्र विजेच्या बाबतीत एक फरक आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. २००३च्या विद्युत कायद्याच्या कलम ४३ने मागणाऱ्याला ठरावीक मुदतीत वीज देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य ठरवलं. कलम ५७ने सेवेचे किमान निकष ठरवायला लावले आणि ते पाळले नाहीत तर ग्राहकाला भरपाई द्यायला लावली. कलम ६५ तर शासनालाच बांधतं: एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल तर ती रक्कम राज्याने कंपनीला आगाऊ द्यावी. म्हणजे इथे कर्तव्य कुणाचं, कुणाप्रति, आणि चुकलं तर काय, या तिन्ही प्रश्नांना उत्तर आहे. विमानाच्या बाबतीत प्रवाशाला असं काहीच मागता येत नाही. मार्ग बंद झाला तर तो बंद झाला.

यावर लगेच कुणी म्हणेल, कायदा असूनही डिमांड नोट भरलेले अर्ज ‘पेड पेंडिंग’मध्ये वर्षानुवर्षं पडून राहिले, जळालेला डीपी बदलून मिळायला ऐन हंगामात दिवस उलटले, मग त्या कलमांचा उपयोग काय? आक्षेप खरा आहे. पण त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. कर्तव्य कागदावर होतं, म्हणूनच पेंडिंग अर्जांची मोजणी झाली, ती विधानसभेत विचारली गेली, आणि सौर पंपाचा पर्याय शासनाला काढावा लागला. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे, ही तडजोड त्या थकलेल्या कर्तव्यातूनच जन्मली. जिथे बंधनच नसतं, तिथे थकबाकीही दिसत नाही. भारीहून न उडालेल्या विमानांची यादी कुठल्या कार्यालयात आहे?

दुसरा आक्षेप पैशाचा. २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षं मोफत वीज जाहीर केली. सुमारे ४४ लाख शेतकरी, आणि वर्षाला साधारण १४,७६० कोटी रुपये. एवढं देऊनही अजून काय हवं, असं शहरात विचारलं जातं. हवं आहे ते हे की बिल माफ होण्याआधी वेळ पाळली जावी. रात्रीची फुकट वीज आणि दिवसाची दमडी मोजून मिळणारी वीज यांत निवड करायला सांगितली तर अनेक कास्तकार दुसरी निवडतील, असं मला वाटतं. म्हणून मोफत विजेपेक्षा मला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जास्त मोलाची वाटते. २०१७ मध्ये तिच्या पथदर्शी प्रकल्पासाठी दोन गावं निवडली गेली: राळेगण सिद्धी आणि आपल्या जिल्ह्यातलं कोळंबी. उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची, ही कल्पना साधी आहे. ऊन असतं तेव्हाच वीज तयार होते, म्हणजे दिवसाच मिळते. दूरवरून आणताना होणारी गळती घटते. २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॉटचं लक्ष्य आहे, आणि जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढीसह. इथे सरकारचा पैसा बिलावर न जाता पुरवठ्याच्या वेळेसाठी खर्च होतो. अर्थात प्रकल्प उभा राहिल्यावर पॅनेल धुतले जातात का, इन्व्हर्टर बिघडला तर किती दिवसांत दुरुस्त होतो, यावरच सगळं अवलंबून आहे. १६,००० हा आकडा तेवढ्यापुरता ऐकून सोडून द्यावा. आपल्या फीडरवर जानेवारीत दिवसा किती तास पुरवठा झाला, तो आकडा मागावा.

मग यवतमाळला विमान हवं की नको? माझं उत्तर कदाचित आवडणार नाही. नागपूर साधारण दीडशे किलोमीटरवर आहे. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं, आणि ते अंतर जेमतेम नव्वद किलोमीटर आहे. इतक्या जवळ दोन विमानतळ असताना भारीहून रोजचं प्रवासी विमान अनुदानाशिवाय टिकेल, असं मला वाटत नाही. या जिल्ह्याच्या खर्चाच्या क्रमात दिवसाची वीज आधी येते, आणि वर्ध्याहून फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत पोचलेली रेल्वे पुढे यवतमाळमार्गे नांदेडला नेणं त्यानंतर. पण धावपट्टी आहे, जमीन गेलेली आहे. ती गंभीर रुग्णांना हलवण्यासाठी, आपत्तीच्या काळासाठी, वैमानिक प्रशिक्षणासाठी वापरता येते. बेलोऱ्याला प्रशिक्षण संस्थेचा विचार झाला, तसा भारीला का होऊ नये? फक्त यातलं जे ठरेल त्याच्या करारात तारीख, किमान वापर आणि चुकल्यास जमीन परत, एवढं असावं.

अशा अटी घातल्या तर खासगी कंपन्या फिरकणार नाहीत, असं सांगितलं जातं. अमेरिकेने १९७८ मध्ये विमान वाहतूक मोकळी केली, तेव्हा छोट्या गावांच्या सेवेसाठी नियम केला की कंपनीला सेवा थांबवायची असेल तर ९० दिवस आधी कळवावं लागेल, आणि दुसरी कंपनी मिळेपर्यंत सरकार तिला थांबवून ठेवू शकेल, भरपाई देऊन. त्या योजनेवर खर्चाची टीका भरपूर झाली, आणि मोठ्या विमानतळाजवळच्या गावांना पुढे वगळलंही गेलं. पण बंधनामुळे कंपन्या पळून गेल्या असं झालं नाही. त्यांनी बंधनाची किंमत लावून निविदा भरल्या. ती किंमत उघड असते, म्हणून लोकांना ठरवता येतं की एवढ्या पैशात ही सेवा हवी की नको. आपल्याकडे किंमत कमी दिसते, कारण बंद पडण्याचा खर्च निविदेत नसतो. तो गावावर पडतो.

वीजदर ठरवताना राज्य वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो. अमरावती-नागपुरात अशा सुनावण्या झाल्या आहेत, आणि साध्या ग्राहकालाही तिथे लेखी हरकत घेता येते. तुमच्यातल्या विद्युत अभियंत्यांनी आपल्या तालुक्यातल्या चार फीडरच्या नोंदी घेऊन पुढच्या सुनावणीला जावं. वकील होणाऱ्यांनी कलम ५७ खालच्या भरपाईचे अर्ज गावकऱ्यांना लिहून द्यावेत. आणि भारीची धावपट्टी पुन्हा कुणाला द्यायची वेळ येईल, तेव्हा सही होण्याआधी करार यवतमाळमध्ये लोकांसमोर वाचला जावा, अशी मागणी तुम्ही आजपासूनच जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी नोंदवू शकता.