रात्रीची सोबत

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘कॉम्प्युटर क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. त्यातलं आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्यामुळे तो मी रजा न घेता सोडून देते. वर्षभरात आपल्या ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न दुसराच आहे. ‘आईसाठी चांगली बाई कुठे मिळेल?’ कधी आई, कधी बाबा, कधी सासूबाई. त्याबद्दल बोलते, कारण ते ‘बाई’चं काम मी स्वतः केलेलं आहे.

१९९९ साली पुण्यात इंजिनिअरिंगला गेले. दुसऱ्या वर्षी होस्टेलचा खर्च झेपेना, तेव्हा मेसच्या काकूंनी सदाशिव पेठेतलं एक घर सुचवलं. आजी निवृत्त शिक्षिका, पंच्याहत्तरीच्या. अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू गेलेली, त्यात मधुमेह. मुलगा अमेरिकेत, व्यवहार बघायला खालच्या मजल्यावर पुतण्या. मी रात्री आठ ते सकाळी सात सोबतीला राहायचं. त्या बदल्यात जागा, रात्रीचं जेवण आणि महिना आठशे रुपये.

‘सोबत’ हा शब्द फसवा आहे. मला वाटलं, बाजूच्या खोलीत अभ्यास करायचा आणि हाक आली की पाणी द्यायचं. प्रत्यक्षात दर दोन तासांनी कूस बदलायची, भांडं द्यायचं, मेणकापड पुसायचं, ओली चादर माणूस न उठवता काढायची. यातलं मला काहीच येत नव्हतं. शिकवलं ते दिवसपाळीच्या मावशींनी. त्या जनता वसाहतीतून चालत यायच्या, शिक्षण चौथीपर्यंत. पण जे त्या सांगत ते नेमकं असे.

झंपर घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला हात. खुर्ची ठेवायची ती चांगल्या बाजूला, म्हणजे माणसाला स्वतःचा जोर लावता येतो. झोपेतून एकदम उभं करायचं नाही. आधी बसवायचं, पाय खाली सोडायचे, चेहरा बघायचा, मग उठवायचं. भरवताना मान मागे नाही, हनुवटी किंचित खाली. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. रोज माकडहाड आणि टाचा बघायच्या. लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर त्या जागेवर भार द्यायचा नाही. कुशीवर वळवायचं ते दंड धरून ओढून नव्हे, खाली आडवी घातलेली दुपदरी चादर धरून.

आणि हात लावण्याआधी बोलायचं. “आज्जी, आता डावीकडं घेते हां.” आजींना ऐकू नीट यायचं, समजही शाबूत होती, तरी पुतण्या त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल ‘ती जेवली का?’ असं मला विचारायचा. मावशींनी ते कधीच केलं नाही. त्या आजींनाच विचारायच्या.

एकदा आजींचा मुलगा सुट्टीत आला, तो इन्सुलिनच्या सिरिंजचा मोठा खोका घेऊन. चांगल्या प्रतीच्या, बारीक सुईच्या. संध्याकाळी मी आले तेव्हा मावशी घरी न जाता थांबलेल्या. म्हणाल्या, “पोरी, हिची टोपी नारिंगी हाय. आपली लाल असती. रेघा बी जवळजवळ हायेत. बघून घे.” इंग्रजी अक्षर वाचता येत नसलेल्या बाईने ते पकडलं होतं. आपल्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट औषध, आणि ती सिरिंज १००च्या मापाची. तिच्यात २०च्या रेघेपर्यंत आपलं औषध भरलं असतं तर अंगात गेली असती फक्त ८ युनिट. आठवड्याभरात साखर कुठे पोचली असती कोण जाणे. खोका परत कपाटात गेला. (आजही आपल्याकडे ४० आणि १०० दोन्ही मिळतं. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी आज घरी गेल्यावर बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून बघा.)

आता पुढचं ऐकायला बरं वाटणार नाही. मुलाने आभार मानले ते माझे. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, सूचना पुतण्याला द्यायचे. दिवसाचे बारा तास जी बाई आजींजवळ असायची तिला त्या खोलीबाहेर उभं राहून ऐकाव्या लागत. माझा चहा कपाटातल्या कपातून यायचा, त्यांचा खिडकीत ठेवलेल्या वेगळ्या कपातून. काम एकच, उलट जड वाटा त्यांचा. पण मी ‘घरातल्यासारखी मुलगी’ आणि त्या ‘बाई’. चौथ्या वर्षाला असताना आजी गेल्या. मला महिन्याचे पूर्ण पैसे मिळाले, मावशींना दिवस मोजून. त्यांनी ते पदराला बांधले आणि मला विचारलं, “परीक्षा कधी हाय?”

म्हणून ग्रुपवर ‘चांगली बाई’ असं वाचलं की माझ्या मनात येतं, चांगली म्हणजे काय? आपण विचारतो, विश्वासू आहे का, फोनवर फार बोलत नाही ना, खाडे करत नाही ना. आईला कुशीवर कसं वळवता, हे किती जणांनी विचारलं?

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. ब्युरोतून ताई आल्या, बारा तासांची पाळी. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे दाखवायला गेलो तेव्हा मी ताईंना आत घेऊन गेले, खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, सूचना यांना सांगा, मी फक्त ऐकते. डॉक्टर जरा चपापले, पण नीट सांगितलं. ताईंनी तीन प्रश्न विचारले. त्यातला एकही मला सुचला नव्हता. ब्युरो किती कापून घेतो हे मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं आणि पगार ठरवताना ते धरलं. रविवारी त्यांना सुट्टी. त्या दिवशी मी किंवा भाऊ. भावाला पहिल्या रविवारी भांडं देता येईना. तिसऱ्या रविवारी यायला लागलं. मुलगे शिकतात, शिकवलं तर.

सॉफ्टवेअरमध्ये आहेस तर यासाठी ॲप का काढत नाहीस, असं मला विचारतात. दोनशे पानी वही पुरते. मावशींची आणि माझी होती: कूस बदलली की रेघ, डावीकडे की उजवीकडे तशी तिरकी, लघवी झाली की टिंब, जेवण अर्धं तर अर्धा चंद्र. सकाळी सात वाजता वही बघितली की रात्र कळायची. आईच्या उशाशीही तशीच वही आहे, पहिल्या पानावर औषधांच्या वेळा आणि शेजारच्यांचा नंबर.

संयोजक घड्याळ दाखवतायत. जेवणानंतर आपल्या जुन्या सातवी ‘ब’च्या वर्गात चार बाक जोडून ठेवलेत, चादर मी घरून आणली आहे. कूस कशी बदलायची आणि खुर्चीत कसं बसवायचं हे ज्यांना हाताने करून बघायचंय त्यांनी या. एकाला पेशंट म्हणून झोपावं लागेल. शक्यतो वजनदार माणूस हवा, उमेदवार समोर बरेच दिसतायत.