आधी सामान बाहेर, मग डागडुजी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या सोसायटीचे सचिव सकाळी सातलाच दारात उभे. आदल्या रात्री काम चालू असताना वीज गेली होती. सकाळी बघतात तर संगणकाचा पडदा काळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आणि लुकलुकणारी एक रेघ. रविवारी वार्षिक सभा, आणि वर्षाचा हिशेब त्याच मशीनमध्ये! दुरुस्तीवाल्या मुलाने फोनवरच निदान केलं होतं, "फॉरमॅट मारून देतो काका, तासाभराचं काम." काका मला विचारत होते, "मारू द्यायचं का?"

म्हटलं, कुणालाही हात लावू देऊ नका.

त्यांच्याकडे उबंटू आहे, म्हणजे लिनक्सचा 2004 पासून मिळणारा, लोकप्रिय अवतार. त्यात तुमचं लिखाण, फोटो, हिशेब 'होम' फोल्डरमध्ये तुमच्या नावाच्या कप्प्यात असतं. दाराचं कुलूप अडकलं म्हणून आतलं फडताळ रिकामं होत नाही. पडद्यावर शेवटची ओळ होती, 'रन एफएससीके मॅन्युअली'. म्हणजे डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहिल्यात, त्या तपासा. पण तपासणी म्हणजे डिस्कवर लिहिणं आलं. म्हणून आधी सामान बाहेर काढायचं.

माझ्या मशीनवर उबंटूची फाइल उतरवली आणि एचर नावाच्या प्रोग्रॅमने एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर चढवली. नुसती कॉपी करून चालत नाही. काकांचं मशीन सुरू करताना एफ-12 दाबलं (काही कंपन्यांत एफ-9 किंवा एस्केप लागतं) आणि पेन ड्राइव्ह निवडला. पुढे 'ट्राय' आणि 'इन्स्टॉल' असे दोन पर्याय येतात. 'ट्राय'च घ्यायचं. मग उबंटू पेन ड्राइव्हवरूनच चालतं, तुमच्या डिस्कला धक्का लागत नाही. 'इन्स्टॉल'च्या वाटेवर 'इरेझ डिस्क' बसलेलं असतं, तिकडे फिरकायचं नाही.

पडदा उजळला. काकांनी घाईघाईने 'होम' उघडलं. आत काही नाही! बिचारे खुर्चीतच बसले. अहो, ते पेन ड्राइव्हचं होम. आपलं होम आपल्या डिस्कमध्ये. डाव्या बाजूच्या यादीतून डिस्क उघडली, तिच्यातल्या होममध्ये गेलो, तर काकांच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात 'मेंटेनन्स', 'पाण्याची टाकी', 'नातू' सगळं जागच्या जागी. कधी कधी फोल्डरवर कुलपाचं चिन्ह दिसतं, तेव्हा टर्मिनलमध्ये 'सुडो' लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, कॉपी करावी लागते. डिस्क सांकेतिक कुलपात बंद केली असेल, तर मात्र तिचा पासवर्ड हवाच.

सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं. कंट्रोल आणि एच दाबून लपलेली फोल्डरंही दाखवून घेतली. ब्राउझरच्या खुणा, जुनी मेल बहुतेक त्यातच असते. बाहेरची डिस्क जुन्या फॅट-32 पद्धतीची असेल, तर चार जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल तीवर जात नाही. लग्नाचे व्हिडिओ इथेच अडतात. कॉपी झाल्यावर हिशेबाची फाइल काकांकडून उघडून घेतली, बेरीज बघायला लावली. त्यानंतरच, डिस्क अनमाउंट करून, म्हणजे वापरातून सोडवून, एफएससीके चालवलं. पाच-सहा प्रश्नांना 'वाय' दाबलं, पेन ड्राइव्ह काढला, मशीन पुन्हा सुरू केलं. चालू!

डिस्क टकटक आवाज करत असती, तर मी एफएससीकेच्या वाटेला गेलोच नसतो. अशी डिस्क थोड्या वेळाची सोबती. आधी 'डीडीरेस्क्यू'ने तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि पुढची खटपट त्या प्रतीवर करायची.

सभा रविवारी झाली. हिशेब मंजूर झाला, भांडण पार्किंगवरून झालं.

तुमचं मशीन आज धडधाकट असेल, तर तो पेन ड्राइव्ह आजच करून ठेवा. बिघडल्यावर तो बनवायला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. आणि त्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहा, नाहीतर घरातलं कुणीतरी तो पुसून त्यात गाणी भरेल.