नादारीची वाट आणि तिच्या अलीकडच्या वाटा
(हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्याचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत आले. सेनगाव तालुक्यातील गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना निवेदन पाठविले. पीक हातचे गेले, कर्ज फिटत नाही, तेव्हा आमचे अवयव विकत घ्या, असे त्या निवेदनात लिहिले होते. डोळे, मूत्रपिंड, यकृत यांचे दरही त्यात नोंदविले होते. त्या निवेदनात संताप होता आणि उपरोधही होता. परंतु ज्या समाजात कर्ज फेडण्यासाठी शरीर विकण्याची भाषा सुचते आणि कायद्याची भाषा सुचत नाही, त्या समाजात कायदा लोकांपर्यंत पोहोचलेला नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल.

मोठी कंपनी बुडाली की तिचे वकील न्यायाधिकरणात उभे राहतात, देणेकऱ्यांची बैठक भरते, काही देणे फेडले जाते आणि उरलेले सोडून दिले जाते. त्यात कोणाची मान खाली जात नाही. मग तीन एकर हळदीच्या शेतकऱ्याला, बाजारपेठेतील हमालाला, भाजीची गाडी लावणाऱ्या बाईला असा मार्ग उपलब्ध आहे काय? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र थोडे गुंतागुंतीचे आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००९ पासून अल्प उत्पन्नाच्या आणि नगण्य मालमत्तेच्या माणसासाठी ऋणमुक्ती आदेशाची सोय आहे. आदेश झाल्यावर बारा महिने धनकोंनी त्याच्या दारात यायचे नाही. परिस्थिती तशीच राहिली तर त्या आदेशात समाविष्ट असलेले कर्ज रद्द होते. आपल्याकडे २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत याच धर्तीचे एक प्रकरण आहे. त्याला ‘नव्याने प्रारंभ’ म्हणता येईल. त्याच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. वार्षिक उत्पन्न ६० हजार रुपयांहून अधिक नसावे. सर्व मालमत्तेचे मूल्य २० हजारांहून अधिक नसावे. माफीस पात्र कर्ज ३५ हजारांच्या आत असावे. आणि स्वतःच्या मालकीचे घर नसावे.

वर्षाला ६० हजार म्हणजे महिन्याला पाच हजार. घरकुल योजनेतून दोन खोल्या मिळाल्या असतील तरी माणूस अपात्र ठरतो, कारण घर मालकीचे झाले. बचत गटातील बाईने सूक्ष्म वित्त संस्थेकडून दुसऱ्या फेरीचे कर्ज उचलले की ३५ हजारांची मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. म्हणजे अट एवढी आवळलेली की ज्याच्यासाठी तरतूद केली, तोच बाहेर राहावा. त्यावर कडी म्हणजे डिसेंबर २०१९ मध्ये या संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. सामान्य ऋणकोचे प्रकरण पुस्तकातच राहिले.

त्यामुळे सामान्य माणसाच्या नादारीसाठी जुन्या कायद्यांकडेच वळावे लागते. महानगरांसाठी १९०९ चा आणि बाहेरच्या मुलखासाठी १९२० चा. रीत अशी, की ऋणको दिवाणी न्यायालयात अर्ज करतो, आपली मालमत्ता व देणी प्रामाणिकपणे उघड करतो, न्यायालय त्याला नादार घोषित करते, त्याची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाऊन धनकोंत वाटली जाते आणि कालांतराने त्याला उर्वरित देण्यातून सुटकेचा आदेश मिळतो. हे ऐकायला सुटसुटीत वाटते. प्रत्यक्षात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. गहाण जमिनीवरील बँकेचा हक्क नादारीने पुसला जात नाही. जामीनदार सुटत नाही. ऋणको नादार झाला तरी १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराच्या मागे पूर्ण रकमेचा तगादा लागू शकतो, आणि गावात जामीनदार म्हणजे बहुधा मेहुणा किंवा शेजारी. तिसरी गोष्ट, सुटका होईपर्यंत नादार माणसाला विधानसभा वा संसदेची निवडणूक लढविता येत नाही. ही शेवटची अडचण हळद उत्पादकाला फारशी टोचणार नाही, हा भाग वेगळा.

येथे इतिहासाचे एक पान उलटणे आवश्यक आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. त्या कायद्याने शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक करण्यास बंदी केली, स्पष्ट गहाण नसलेली जमीन जप्तीपासून वाचविली, न्यायालयाला खात्याच्या मुळाशी जाऊन मुद्दल किती व व्याज किती हे तपासण्याचा अधिकार दिला. आणि ५० रुपये देणे असलेल्या शेतकऱ्यालाही नादारीचा अर्ज करण्याची मुभा दिली! न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. परकीय सरकारला हे सुचले ते रयतेच्या प्रेमापोटी नव्हे, उठावाच्या धसक्याने सुचले, हे खरे. तरीही गरिबाच्या नादारीसाठी सोपी वाट असू शकते, हे त्या कायद्याने दाखविले होते. हिंगोली त्या वेळी निजामाच्या राज्यात होती. त्यामुळे तो आधार या भागाला मिळालाच नाही.

आणि ही दृष्टी काही इंग्रजांनी आणली असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीच्या कामात गुंतलेल्या शेतकऱ्याला ऋणापायी धरू नये, असा निर्बंध आहे. व्याज एकाच वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येणार नाही, हा दामदुपटीचा नियम मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायापासून हिंदू व्यवहारशास्त्रात चालत आला आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. लोकांच्या तोंडी आज ‘दामदुप्पट’ म्हणजे पैसे दुप्पट करून देणारी योजना झाली आहे. मूळ अर्थ नेमका उलटा होता. ती सावकाराच्या हावेला घातलेली वेस होती.

ही वेस आजही शाबूत आहे, आणि नादारीपेक्षा तिचा उपयोग कितीतरी अधिक आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. शेतकऱ्याला दिलेल्या तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्के, एवढीच व्याजाची कमाल मर्यादा शासनाने त्याच वर्षी ठरविली. इतरांसाठी ती अनुक्रमे १५ व १८ टक्के आहे. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि एकूण व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ शकत नाही.

आता गावातला हिशेब मांडून पाहा. हळदीला लागवडीपासून काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश होऊन ती वसमत किंवा हिंगोलीच्या बाजारात जाईपर्यंत नऊ-दहा महिने लोटतात. पैसा लागतो जूनमध्ये, येतो पुढच्या उन्हाळ्यात. समजा, एखाद्याने मधल्या काळासाठी सावकाराकडून एक लाख रुपये शेकडा पाच दराने उचलले. शेकडा पाच हे महिन्याचे असते, हे सांगणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. महिन्याला पाच हजार, वर्षाला ६० हजार. कायद्याच्या १२ टक्क्यांनी हेच व्याज वर्षाला १२ हजार झाले असते. वीस महिन्यांत त्याने मुद्दलाएवढे व्याज भरलेले असते आणि मुद्दल जागच्या जागी असते. हा सावकार बिगरपरवाना असेल तर न्यायालय त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. म्हणूनच तो न्यायालयात जात नाही. तो कोरा धनादेश घेऊन ठेवतो, नाहीतर जमिनीचे खरेदीखत करून घेतो.

खरेदीखताची ही युक्ती मराठवाड्यात जुनी आहे. कागदावर विक्री, तोंडी बोली गहाणाची. पैसे परत केले की जमीन परत, असे सांगितले जाते. सातबारावर मात्र नाव बदललेले असते. अशा व्यवहारात कायद्याच्या कलम १८ चा आधार घेता येतो. अर्जाच्या तारखेआधीच्या पंधरा वर्षांत सावकारीच्या ओघात स्थावर मालमत्ता सावकाराकडे गेली असेल, तर सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक चौकशी करून तो दस्त रद्द ठरवू शकतो आणि जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतो. तालुक्याला सहायक निबंधकाचे कार्यालय असते, तेथेही तक्रार करता येते. पुरावा काय? व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, बँकेतून काढलेल्या रकमा, फोनवरील संदेश, त्याच सावकाराने इतरांकडून करून घेतलेली तशीच खरेदीखते आणि जमिनीचा ताबा कोणाकडे राहिला याची पीकपाहणीतील नोंद. खरेदीखतातील किंमत बाजारभावाच्या मानाने हास्यास्पद असेल तर तेही बोलके असते. हे अर्ज चालायला वेळ लागतो आणि सगळेच मंजूर होतात असेही नाही. पण अर्ज केल्यावाचून एक गुंठाही परत येत नाही.

महिलांच्या गटकर्जाची गोष्ट निराळी. तेथे कर्ज कायदेशीर असते, व्याजही लपविलेले नसते. त्रास असतो तो हप्त्याच्या दिवसाचा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्म कर्ज ठरते आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि सायंकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना छळणे, हे सर्व निषिद्ध आहे. संस्थेकडे लेखी तक्रार करावी; तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला शुल्क नाही.

बँकेचे पीककर्ज थकले असेल तर आधी विचारायचे ते पुनर्गठनाविषयी. नैसर्गिक आपत्तीत ३३ टक्के वा त्याहून अधिक पीक गेल्याचे जाहीर झाले, तर अल्पमुदतीचे कर्ज मध्यम मुदतीचे करून हप्ते पाडून देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत आहे. कर्जमाफीच्या आशेवर मुद्दाम थकबाकीत राहण्याचा मोह २०१७ आणि २०१९ च्या योजनांनी अनेकांना लावला. त्या योजनांनी पुष्कळांचा भार हलका केला, हे नाकारता येणार नाही. परंतु वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंत मिळणारी व्याजाची सवलत थकबाकीदाराला मिळत नाही आणि पुढच्या हंगामात बँकेचे दार बंद झाले की माणूस पुन्हा शेकडा पाचच्या दारात जातो.

जुने थकीत खाते असेल तर एकरकमी तडजोड, म्हणजेच सामोपचार. राष्ट्रीय लोकअदालतीत अशी प्रकरणे दावा दाखल होण्यापूर्वीही घेतली जातात. तेथे झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तेवढ्याच रकमेवर सही करावी. बैलजोडी विकून तडजोडीची रक्कम भरू, असे म्हणून सही करणारा पुढच्या पेरणीला भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी पुन्हा कर्ज काढतो.

जप्तीची भीती घरोघरी असते, तिच्याविषयीही थोडे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतीची अवजारे, उपजीविकेला लागणारी जनावरे, बियाणे, कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मजुराची मजुरी आणि शेतकऱ्याचे वा मजुराचे राहते घर जप्त करता येत नाही. धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नये असा दागिना, म्हणजे मंगळसूत्र, तेही नाही. घर गहाण टाकलेले असेल तर मात्र ही ढाल चालत नाही. बँकांना न्यायालयाबाहेर मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार देणारा २००२ चा कायदा शेतजमिनीला लागू नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक होत नाही. आणि केवळ ऐपत नाही म्हणून कोणालाही तुरुंगात टाकता येणार नाही, त्यासाठी फेडण्याची कुवत असून लबाडी केल्याचे सिद्ध व्हावे लागते, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात सांगून ठेवले आहे.

ज्या घरातील कर्ता गेला, त्या घरात वसुलीवाला पहिल्या महिन्यातच येतो आणि मुलाकडून नव्या कागदावर सही मागतो. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, ही आपली परंपरा उदात्त आहे. पण तिच्या आधारे मुलावर वसुली लादण्याचा कायदेशीर अधिकार ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या हिंदू उत्तराधिकार सुधारणेने, त्यानंतरच्या कर्जांपुरता, संपविला. वारसाकडून वसुली होते ती मृताकडून मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच. विधवेने किंवा मुलाने स्वतः नव्या रोख्यावर सही केली तर मात्र ते कर्ज त्यांचे स्वतःचे होते. साधे कर्ज वसूल करण्याची मुदत तीन वर्षांची असते. त्या मुदतीत केलेल्या लेखी कबुलीने किंवा भरलेल्या छोट्या रकमेने ती नव्याने सुरू होते. तेव्हा दुःखाच्या दिवसांत कोणत्याही कागदावर सही न करणे, हेच पहिले काम.

तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता आणि अल्प उत्पन्नाच्या इतरांना तेथे वकील मोफत मिळतो. नादारीचा अर्ज आपल्या प्रकरणात लाभाचा की लोकअदालत बरी, हे तेथेच विचारावे. जाताना सातबारा, बँकेची पुस्तके, हप्त्यांच्या पावत्या आणि कोणाला काय देणे आहे याची एक यादी न्यावी. यादीत तारण असलेली कर्जे वर लिहावीत, कारण घर-जमीन त्यांच्यापायी जाते, उसनवारी खाली. आणि तडजोड होऊन रक्कम भरली की बँकेकडून बेबाकी दाखला घ्यायचा, दिलेले कोरे धनादेश परत मागायचे आणि तो दाखला घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील बोजा कमी करून घ्यायचा. पुष्कळ जण कर्ज फेडतात आणि एवढे करायचे राहून जाते. मग दहा वर्षांनी वाटणीच्या वेळी तोच बोजा पुन्हा समोर येतो.